घोळ घराण्याची कैफियत

कर्जत स्थानकातून बाहेर पडून उल्हास नदीचा पूल ओलांडल्यावर जी दहिवली लागते, त्या दहिवलीत नोकरदार गृहस्थाची ओळख त्याच्या आडनावावरून जितकी पटते त्याहून अधिक त्याच्या गाडीवरून पटते. अमुक हे पहाटेच्या पहिल्या लोकलचे, तमुक हे तिच्या मागच्या गाडीचे, आणि ज्यांना सूर्योदयानंतर घर सोडूनही चालते ते एकतर तालुक्याच्या कचेरीतले किंवा सेवानिवृत्त, अशी ही सरळ वर्गवारी आहे. मुंबई येथून सुमारे शंभर किलोमीटर. दहाच्या ठोक्याला फोर्टातल्या एखाद्या कचेरीत हजेरीपटावर सही ठोकावयाची असेल, तर कोंबड्याच्या आधी उठणे ओघानेच येते, आणि संध्याकाळी तेथून सुटलेला जीव दिवेलागण उलटून बराच वेळ झाल्यावर पुन्हा पुलावर दिसू लागतो. आता योगायोग असा, की याच गृहस्थाच्या गॅलरीत, कठड्याला तारेने बांधलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात, जे एक बुटके, पसरट, रसभरल्या पानांचे झाड हमखास लोंबत असते, त्यालाही लोक ‘ऑफिस टाइम’ असेच म्हणतात. ऊन चांगले तापले म्हणजे, नऊ-दहाच्या सुमारास, हे झाड आपली फुले उघडते आणि दुपारी तीन-चारच्या आत मिटून टाकते. परिणामी फूल आणि फुलाचा धनी या उभयतांची पाळी एकच पडल्यामुळे त्यांची गाठ रविवारखेरीज पडत नाही. रोज रात्री नेमाने तांब्याभर पाणी घालणारे, आणि आपल्या घरचे फूल गुलाबी की केशरी हे बायकोला विचारून घेणारे गृहस्थ दहिवलीत दुर्मिळ नाहीत.

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून निवृत्त झालेले एक वृद्ध शेजारी मात्र या झाडाला लोकांनी दिलेल्या नावावर नाखूश आहेत. त्यांचे म्हणणे असे, की ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने सरकारी कचेरी आतून पाहिलेली नसावी. “अहो, दहाला आलेलं हे फूल लगेच कामाला लागतं,” ते मला एकदा म्हणाले, “मधमाशी आली की तिचं काम तिथल्या तिथे. ‘उद्या या’ नाही, ‘साहेब फिरतीवर आहेत’ नाही. ही कचेरीची रीत म्हणता येईल का?” तीन वाजता उठून जाण्याबद्दल त्यांना विचारले, तेव्हा ते काही वेळ विचारात पडले आणि तेवढा भाग शिरस्त्याला धरून आहे, असे त्यांनी मान्य केले.

रजेच्या बाबतीतही फूल शिरस्त्याला धरूनच वागते, हे त्यांच्या ध्यानी आणून द्यावयाचे मी टाळले. ही फुले घड्याळ पाहून उघडत नाहीत, प्रकाश आणि उष्णता पाहून उघडतात. आभाळ भरून आलेले असले की कळी जशीच्या तशी मिटून बसते, आणि त्या कळीचा दिवस तसाच जातो. ज्या कर्जत तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि जूनच्या मध्यापासून माथेरानचा डोंगर आठ-आठ दिवस दर्शन देत नाही, त्या तालुक्यात बदली झालेल्या अशा कर्मचाऱ्याने पावसाळ्याचे किती दिवस बिनपगारी रजेवर काढावेत याचा हिशेब न केलेलाच बरा. त्यातून त्याच्या मुळांना पाणी साचलेले मुळीच सोसत नाही. श्रावणात डब्यातले झाड कुजले म्हणजे काकू नवी काडी शोधू लागतात, आणि येथून या वनस्पतीच्या प्रसाराचा खरा इतिहास सुरू होतो. कोणाच्याही कुंडीतून बोटभर काडी मोडून आणावी आणि ओल्या मातीत खोचावी, की ती आठवड्याभरात मूळ धरते. काडी मागून आणली तर लागत नाही, न विचारता उचलली तरच लागते, असा एक समज स्त्रीवर्गात दृढ आहे. खोडात भरपूर पाणी साठवलेले असल्यामुळे ती काडी पदराआड दोन दिवस राहिली तरी मरत नाही, एवढाच त्यातला शास्त्रीय भाग. बाकीचा भाग भारतीय न्याय संहितेच्या कक्षेत येतो.

या झाडाचे शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा. मूळ वतन दक्षिण अमेरिकेत, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील या मुलखात. जॉन गिलीज नावाचा एक स्कॉटिश वैद्य प्रकृतीला मानवेल म्हणून अर्जेंटिनातील मेंडोझा येथे जाऊन राहिला होता. तेथल्या रेताड माळावर त्याला ते आढळले, आणि 1829 साली विल्यम जॅक्सन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. तेथून ते साहेबाच्या बागेत आले, साहेबाच्या बागेतून माळ्याच्या घरी गेले, आणि माळ्याच्या घरून सर्वत्र. नेरळ-कर्जत रस्त्यावरच्या रोपवाटिकांत आज ते आणि त्याची रुंद पानांची एक चुलत बहीण काळ्या पिशव्यांत शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि दोघींनाही ‘पोर्टुलाका’ या एकाच नावाने विकण्यात येते.

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, नाश्त्याची बशी बाजूला ठेवून, हे फूल जवळून पाहण्याजोगे असते. पाने सुईसारखी नव्हेत, गोलसर, दंडाकृती, दाबली तर कच्चकन फुटणारी. पानाच्या बगलेत पांढऱ्या केसांचा झुबका. त्यावर रेशमी कागदाच्या जातीची पाच पाकळ्यांची वाटी, आणि वाटीत पिवळ्या केसरांची दाटी. त्या केसरांना गवताच्या काडीने अलगद शिवले असता ते क्षणभराने हलू लागतात, आणि पाहता पाहता एका अंगाला कलतात. मधमाशीच्या अंगाला पराग नीट चोपडला जावा म्हणून ही योजना आहे. स्पर्श झाल्याखेरीज हालचाल नाही, हा नियम अव्वल कारकून महाशयांना दाखविला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला आणि “हं” एवढाच शेरा मारला.

रंगांच्या बाबतीत या घराण्याची तऱ्हा निराळी आहे. जास्वंदाचा तांबडा किंवा गोकर्णाचा निळा ज्या रंगद्रव्यांपासून होतो ती या फुलांत नसतातच. यांचे गुलाबी, केशरी, पिवळे, भगवे असे सगळे रंग बीटरूटच्या रंगाच्या जातकुळीतले. राजगिरा, बोगनवेल आणि निवडुंग ही मंडळीही त्याच जातकुळीतली, आणि आजवर असे एकही झाड सापडलेले नाही की ज्याने दोन्ही प्रकारची रंगद्रव्ये एका अंगात बाळगली आहेत. रोटीबेटीव्यवहार पूर्ण बंद. दुपार टळल्यावर फूल मिटते ते कायमचे. पाकळ्या विरघळून त्यांचा ओलसर लगदा होतो, आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी दुसरीच कळी लावते.

इथवर जे लिहिले ती या घराण्याची दिवाणखान्यातली शाखा झाली. माझा मूळ विषय परसातला आहे.

ज्या डब्यात हे ऑफिस टाइम दिमाखाने लोंबत असते, त्याच डब्यात, त्याच मातीत, बोलावल्याशिवाय आलेली दुसरी एक वनस्पती पसरू लागते. हिचे खोड तांबूस, गुळगुळीत, पाने चमच्याच्या आकाराची व चपटी, आणि फूल म्हणाल तर हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळे, तेही सकाळी थोडा वेळ उघडून कोणाच्या लक्षात येण्याआधी मिटणारे. काकू तिला चिमटीत धरून समूळ उपटतात आणि गॅलरीतून खाली भिरकावतात. ही घोळ. पोर्तुलाका ओलेरेसिया या नावाने लिनियसने 1753 साली हिची नोंद केली, ती ऑफिस टाइमची सख्खी चुलती लागते, आणि घराण्याच्या दप्तरात पहिले नाव तिचे आहे. गॅलरीतल्या त्या नखरेल फुलाचे नाव त्या दप्तरात चढले ते त्यानंतर तब्बल शहात्तर वर्षांनी. पण मालकी हक्क आणि मान यांचा संबंध आपल्याकडे कधी होता?

घराण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो, की पूर्वी या कुळात वीसेक प्रजाती एकत्र नांदत होत्या. पुढे जनुकांची तपासणी होऊ लागली, आणि वनस्पतींच्या वर्गीकरणाचा जो नवा आराखडा 2009 साली जाहीर झाला त्यात या एकत्र कुटुंबाची अशी काही खातेफोड झाली, की बाकीच्या सर्व प्रजाती आपापले चंबूगबाळे उचलून निरनिराळ्या कुळांत राहावयास गेल्या आणि पोर्तुलाकेसी कुळाच्या सातबारावर एकट्या पोर्तुलाका प्रजातीचे नाव उरले. त्या एका नावाखाली आजही शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांतली चिवळ आपल्याकडे परिचित आहे. घोळीपेक्षा बारीक, पाने समोरासमोर, पेऱ्यापेऱ्यावर पांढऱ्या केसांची लव, आणि फुलाला पाचांऐवजी चार पाकळ्या. विदर्भात उन्हाळ्यात तिची भाजी आवडीने खातात. आणि नुकतीच, 2025 साली, जयपूरजवळच्या गलताजीच्या टेकड्यांत एक नवी जात सापडली, तिचे नाव ‘पोर्तुलाका भारत’ असे ठेवण्यात आले. खडकाच्या भेगेत कशीबशी तग धरून असलेल्या वीतभर झाडाला साऱ्या देशाचे नाव दिले, यात कोणी खोच पाहू नये. संशोधकांचा हेतू निखालस शुद्ध होता.

घोळीवरचा मुख्य आरोप तण असल्याचा. 1977 साली ल्‌रॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या अत्यंत उपद्रवी तणांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अट्टल गुन्हेगारांची क्रमवार यादी दिलेली असून घोळीचा नंबर नववा आहे. ही यादी मी जेव्हा प्रथम वाचली तेव्हा घोळीविषयी मला वाटणारी काळजी नाहीशी झाली, कारण त्या यादीतला पहिल्या नंबरचा गुन्हेगार नागरमोथा आहे, ज्याच्या गाठी कुटून आपण दिवाळीच्या पहाटे उटण्यात घालतो. दुसऱ्या नंबरची गुन्हेगार हरळी, म्हणजे साक्षात दूर्वा, जिच्या एकवीसच्या जुड्या बांधून आपण गणपतीच्या मस्तकावर ठेवतो. आणि घोळीच्या पाठोपाठ दहाव्या जागी चाकवत उभा आहे, ज्याची ताकातली भाजी न आवडणारा मराठी माणूस पानावर बसावयास नालायक समजावा. मिळून, परदेशी शास्त्रज्ञांनी जगभर हिंडून, अपार कष्ट करून जी जागतिक गुन्हेगारांची यादी सिद्ध केली, तिचा बराचसा भाग आमच्या घरी देव्हारा, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या तीन खोल्यांत सापडतो.

तथापि घोळीच्या बाजूने वकीलपत्र घेतले तरी काही गोष्टी नाकारता येणार नाहीत. तिचे फळ म्हणजे झाकण असलेली एक इवलीशी डबी. पिकली की आडवी फाटून तिचे झाकण निघते आणि आत काळ्या पुडीसारखे बी दिसते. एका जोमदार झाडाला दोन लाख चाळीस हजारांपर्यंत बी धरल्याची नोंद आहे. ते सगळेच उगवते असे नाही. बरेचसे मातीखाली दडून राहते, आणि हे दडणे दशकानुदशके चालू शकते. उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो, आणि तो उजेड आपणच त्याला मिळवून देतो. शेतकरी वाफा खणतो, खालची माती वर येते, आणि चाळीस दिवसांनी पाहावे तो कोथिंबिरीच्या वाफ्यात कोथिंबीर पाहुणी आणि घोळ वहिवाटदार. तिला उपटून बांधावर टाकली तर तुकड्यातुकड्याला मुळे फुटतात. मुळे फुटावयास ओल नसली तर खोडातल्या साठ्यावर ती आपल्या कच्च्या डब्या पिकवून घेते आणि मगच मरते. मृत्युपत्र नोंदवून मग प्राण सोडण्याइतकी व्यवहारदक्षता माणसातही सहसा आढळत नाही.

आता तिच्या नोकरीचे स्वरूप पाहू. कारण माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय येथे आहे.

दहिवलीच्या भोवती जिकडे पाहावे तिकडे भाताची खाचरे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ ही वाणे कोकणात नावाजलेली आहेत. पण भात कितीही गुणी असला तरी त्याच्या पानातल्या कारभारात एक जुना दोष आहे: हवेतला कर्बवायू पकडण्यासाठी नेमलेले जे विकर, ते ऊन चढले की गोंधळते आणि कर्बवायूच्या जागी प्राणवायूच धरून बसते; मग चुकीने घेतलेला तो कागद निस्तरण्यात केलेल्या कामातला मोठा हिस्सा वाया जातो. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी यावर तोडगा काढला आहे. त्यांनी दारातच एक बारनिशी कारकून बसविला. तो फक्त कर्बवायूचीच आवक घेतो, तिची चार कर्बाणूंच्या आम्लात नोंद करतो आणि ते आम्ल आतल्या दालनात पोहोचते करतो, की जेथे त्या गोंधळ्या विकराला कर्बवायूखेरीज दुसरे काही दिसतच नाही. निवडुंग, घायपात आणि अननस यांनी निराळी युक्ती केली. त्यांनी कचेरी रात्री उघडली. दिवसा पर्णरंध्रे उघडली तर आतले पाणी उडून जाते, म्हणून ही मंडळी रात्रीच्या गारव्यात दारे उघडून कर्बवायू आत घेतात, त्याचे आम्ल करून साठवतात, आणि दिवस उजाडला की दारे लावून आतल्या आत काम करतात.

घोळ या दोन्ही गोष्टी करते. पाणी मुबलक असेल तेव्हा ती उसाच्या पद्धतीने दिवसपाळी करते, आणि पाण्याची टंचाई पडली की दिवसपाळी चालू ठेवून वर निवडुंगाची रातपाळी पत्करते. ही दोन खाती एका छपराखाली चालणे शक्य नाही, निदान त्यांची दालने तरी वेगळी असावीत, असे पुष्कळांना वाटत होते. परंतु 2022 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी पानातली पेशी न्‌ पेशी तपासून दाखवून दिले, की दोन्ही खाती त्याच पेशीत आहेत आणि रातपाळीचे आम्ल थेट दिवसपाळीच्या कामात मिसळले जाते. यातला विनोद असा, की भाताला नुसती दिवसपाळीची नवी पद्धत शिकविण्यासाठी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 2008 च्या सुमारास एक मोठा प्रकल्प हाती घेतला, देशोदेशीचे पंडित त्यात गुंतले, आणि भात अजून ती शिकतोच आहे. ज्या विद्येसाठी हा सगळा खटाटोप, ती विद्या, वर रातपाळीसह, अवगत असलेली घोळ त्याच भाताच्या बांधावर उगवते आणि विळ्याने खुरपली जाते. तिला कोणी ‘ऑफिस टाइम’ म्हणत नाही. दिवस-रात्र राबणाऱ्याला हजेरीपटावर जागा नसते.

या रातपाळीचा पुरावा प्रयोगशाळेत जाऊनच पाहावा लागतो असे नाही, तो जिभेवर मिळतो. कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेल्या घोळीत रात्रभर साठलेले आम्ल असते, म्हणून ती आंबट लागते. तेच आम्ल दिवसभरात खर्ची पडत असल्यामुळे सायंकाळी खुडलेली सौम्य लागते. कर्जत स्थानकाबाहेर ठाकूरवाड्यांवरच्या ज्या बायका पाटी घेऊन बसतात त्यांना कर्बवायूचे आवक-जावक माहीत नाही, पण त्याचा निष्कर्ष चोख माहीत आहे.

“मावशी, घोळ कशी दिली?” मी विचारतो.

“धा रुपयाला जुडी, दादा.”

“फार आंबट नाही ना?”

“सकालची खुडलेली हाय, आंबट लागनारच. दुपारच्याला खुडली का कमी लागते.” आणि मग, माझ्या शंकेखोर मुद्रेकडे पाहून, “डाल घाला ना त्याच्यात!”

वनस्पतींच्या रात्रीच्या चयापचयावर इतके थोडक्यात आणि उपायासकट दिलेले व्याख्यान मी अन्यत्र ऐकलेले नाही.

डाळ घालावीच. घोळ निवडताना कोवळी खोडेही टाकू नयेत. पाच-सहा पाण्यांतून धुवावी, कारण जमिनीला अंग लावून वाढणाऱ्या या भाजीत माती फार. मग तुरीच्या डाळीत शिजवून, वर लसणीची खमंग फोडणी, सुकी मिरची, आणि चिंच मात्र नको, तेवढे काम भाजी स्वतःच करते. किंवा ताकाला डाळीचे पीठ लावून पातळ भाजी करावी. पानांत थोडा बुळबुळीतपणा असतो तो ताकात लोपतो. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी खाल्लेल्या माणसाला दुपारी तीनच्या पुढे काम होत नाही, त्यामुळे ऑफिस टाइमच्या वर्तनावरही नवा प्रकाश पडतो. एक सावधगिरी बाळगावी: घोळीसारखीच जमिनीवर पसरणारी, तांबूस खोडाची दुधी नावाची एक वनस्पती तिच्याच शेजारी उगवते, खोड मोडून पाहावे, पांढरा चीक आला तर ती दुधी, फेकून द्यावी. घोळीतून नुसते पाणी निघते. आणि तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असल्यामुळे ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी हा लेख येथेच थांबून इतरांना द्यावा.

आपल्या वैद्यांना घोळ लोणिका म्हणून पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि बाहेरच्या जगानेही तिला आपल्याइतके हिणवलेले नाही. कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या तळच्या गाळात तिचे बी आणि पराग पंधराव्या शतकातल्या थरांत सापडले, म्हणजे कोलंबस निघण्यापूर्वीच ती अमेरिकेत पोहोचलेली होती आणि तेही कोणाच्या जहाजाची वाट न पाहता. हेन्‍री डेव्हिड थोरोने वॉल्डन तळ्याकाठी साधे राहण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात मक्याच्या शेतातली घोळ उकडून, मीठ लावून त्याने समाधानाने जेवण उरकले, असे त्याच्या 1854 सालच्या पुस्तकात नमूद आहे. फोडणी न देता! साधेपणालाही काही मर्यादा असावी. लेबनॉनमध्ये ती कोशिंबिरीत पडते, मेक्सिकोत डुकराच्या मांसाबरोबर शिजते. आणि अलीकडे आहारशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले आहे, की हृदयाला हितकारक म्हणून गाजत असलेल्या ओमेगा-3 वर्गातले आल्फा-लिनोलेनिक आम्ल इतर पालेभाज्यांच्या मानाने घोळीत पुष्कळच अधिक असते. हे वृत्त पसरल्यापासून दहिवलीच्या आसपासच्या फार्महाउसांवर शनिवारी येणारी मुंबईची काही मंडळी घोळीला मानाने वागवू लागली आहेत. त्यांच्या पोर्सेलीनच्या बशीत ती कच्ची, चार पाने अशी वेगळी मांडलेली, वर तेलाचे थेंब, अशा थाटात मी पाहिली आहे. त्याच फार्महाउसचा माळी त्याच दिवशी त्याच घोळीचा भारा हिरवळीतून उपटून कुंपणाबाहेर टाकत होता. दोघेही आपापल्या हुकुमाची तामिली करीत होते, तेव्हा दोष कोणाला द्यावा?

अव्वल कारकून महाशयांपुढे मी ही सगळी कैफियत मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि निकाल दिला: ऑफिस टाइमला गॅलरी सोडावयास सांगण्याचे कारण नाही, फूल सुरेख आहे आणि घरात रविवारी पाहावयास काहीतरी असावे, घोळीस मात्र तिच्या वहिवाटीच्या जागेवरून बेदखल करण्याचा प्रयत्न कायद्याने टिकणारा नाही, आणि व्यवहारात तर मुळीच टिकणारा नाही. या निकालाशी मी सहमत आहे. आमच्या दहिवलीकर भगिनींना आणि बंधूंना त्यातून एवढीच विनंती करावयाची, की डब्यात आलेली घोळ उपटावयाचीच असेल तर खुशाल उपटावी, धुवावी, डाळीत टाकावी. पण कृपा करून गॅलरीतून खाली फेकू नये. खाली माती आहे.